सोळा मिनिटांवरचा भाऊ

माझ्या पोटाचा बावीस वर्षांचा इतिहास लिहून ठेवलेला आहे. मी नाही लिहिलेला. कुवेतच्या फरवानियातल्या एका शिंप्याच्या जाड वहीत तो निळ्या शाईत आहे. बत्तीस, साडेतेहतीस, छत्तीस, आणि मग एका वर्षी पेन्सिलीने ‘३८?’ असं प्रश्नचिन्हासकट. त्या दिवशी मी श्वास आत ओढून उभा होतो आणि मास्टरांनी मला पकडलं होतं. “सोडा वो इंजिनेर, श्वास सोडा,” ते म्हणाले, “प्यांट काय श्वास धरून घालणार दिवसभर?”

मास्टर म्हणजे हा शिंपी. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचा कोकणी मुसलमान, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. दुकान एवढंसं, की कापायचं टेबल, दोन मशिनं आणि मी, एवढ्यात भरून जायचं. अरबांचे दिश्दाशे, म्हणजे पायघोळ झगे, शिवणं हा मुख्य धंदा, आणि माझ्यासारख्यांच्या पँटी उसवून सैल करणं हा उपधंदा. मी मूळचा नाशिकचा, इथे एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये पाइपिंगचा इंजिनिअर, राहायला रुमैथियात. पँट उसवायला एवढ्या लांब फरवानियाला कशाला जाता, असं बायको दर वेळी विचारायची. खरं उत्तर असं की रुमैथियातला शिंपी पँट सैल करून द्यायचा, पण चहा देत नसे आणि माझं ऐकूनही घेत नसे.

ऐकून घेणारा माणूस सापडला की माझा ताबा सुटतो. त्यातही विषय प्रवासाचा असला तर विचारूच नका. कुवेतमधल्या मराठी मंडळात कुणाला कुठे जायचं असो, कुठून विमान बदलायचं, मध्ये किती तास थांबायचं, कुठली सीट धरायची हे मला विचारायची पद्धत होती. पद्धत मीच पाडलेली. न विचारताही मी सांगायचो. एका जोडप्याला मी स्वस्त पडेल म्हणून अशा मार्गाने पाठवलं की त्यांचे चौदा तास एका विमानतळाच्या बाकावर गेले. तेव्हापासून ते मला गणपतीच्या आरतीला बोलवायचे थांबले आहेत. पण एखाददुसऱ्या आरतीने माझा आत्मविश्वास कमी होत नाही.

शिवाय कुवेत. हा देश माणसाची अंतराची बुद्धी बिघडवतो असं माझं मत आहे. इथे डोंगर नाही, घाट नाही, नदी नाही. रस्ते वाळूत पट्टीने ओढल्यासारखे. नकाशावर दोन ठिकाणांत जी रेघ दिसते, जवळजवळ तीच जमिनीवर असते. सुलैबियाच्या भाजीबाजारातून निघालं की रिंग रोड धरून पाऊण तासात समुद्राला पाय लागतात. मी तर त्यातही पाइपवाला. पाइपच्या एका जोडापासून, फ्लँजपासून, दुसऱ्यापर्यंत किती मीटर, हे सांगून मी पोट भरतो. तेव्हा कुणी मला दोन गावांमधलं अंतर विचारलं, तर मला शंका येत नाही. मला आकडा येतो.

मास्टरांना दोन मुलगे. दोघंही कुवेतमध्येच वाढले, माझ्या डोळ्यांसमोर. लहानपणी दुकानात टेबलाखाली बसून चिंध्यांचे चेंडू करायचे. मी कोकणीत—म्हणजे मला जी कोकणी वाटते तिच्यात—काही विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे. मोठे झाले, शिकले, आणि दोघंही कॅनडाला गेले. तिथे कायमचं राहायला मिळावं म्हणून जिथे कुणी जात नाही अशा ठिकाणी नोकऱ्या धरल्या. थोरला नर्स, तो एका अगदी उत्तरेच्या वस्तीतल्या दवाखान्यात. धाकटा दुसऱ्या एका उत्तरेच्याच वस्तीत, तिथल्या एकुलत्या एक दुकानाचा हिशेबनीस आणि गरज पडली तर हमालही. दोन्ही गावांची नावं मास्टरांना उच्चारता येत नसत, मलाही नाही. आम्ही ‘थोरल्याचं गाव’ आणि ‘धाकट्याचं गाव’ म्हणायचो. दोन्हीकडे रस्ता जात नाही. उन्हाळ्यात एकदा बोट येते, बाकी सगळं विमानाने.

चार वर्षं मास्टरांनी थोरल्याला पाहिलं नव्हतं. पण या जूनमध्ये तो येणार होता. मास्टरांच्या इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत जूनच्या शेवटी संपत होती आणि तो पुन्हा काढायचा नाही असं ठरलं होतं. छत्तीस वर्षांनी दुकान बंद करून गावी जायचं. बायको गुडघ्यांमुळे आधीच गावी गेलेली. थोरला येईल, आठ दिवस दुकानात राहील, आवराआवर करेल आणि बापाला सोबत घेऊन रत्नागिरीला पोचवेल, असा बेत होता. मास्टर हे गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायचे. ज्याला मराठी, हिंदी यातलं काहीच कळत नाही अशा एका म्हाताऱ्या कुवेतीला त्यांनी हाताने विमान उडवून, मग आपल्या छातीवर हात ठेवून समजावलेलं मी पाहिलं आहे. म्हातारा म्हणाला, “माशाल्ला, माशाल्ला,” आणि दिश्दाशाची बाही अर्धा इंच कमी करायला सांगितली.

रमजान सुरू झाला तेव्हाची गोष्ट. ईदच्या आधीचे ते दिवस म्हणजे मास्टरांच्या कामाचा पूर. मी संध्याकाळी रोजा सुटायच्या सुमाराला गेलो होतो, नेहमीसारखी एक पँट काखोटीला मारून. मास्टर मात्र मशीनवर नव्हते. हातात फोन धरून स्टुलावर बसले होते.

“धाकट्याचा आवाज बरा नाय,” ते म्हणाले. “तिथला पयला हिवाळा हाय त्याचा. दोन म्हयने म्हणे सूर्यच नाय दिसला. आता दिसतो, पण त्याच्या आवाजात नाय आला अजून.”

“मग थोरल्याला सांगा ना जाऊन यायला.”

“तोच बोलतंय मी. ईदेला दोघा भावांनी एका ठिकाणी नमाज पढावी. पण थोरला बोलतो, अब्बा, सोपा नाय, बगतो. बगतो म्हणजे काय? इंजिनेर, मना सांगा, या गावापासून त्या गावापर्यंत किती लांब?”

हा प्रश्न. मास्टरांनी मला हा प्रश्न विचारायला नको होता, असं आता वाटतं. पण तो दोष त्यांच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. त्यांनी विचारलं ते माझी बावीस वर्षांची जाहिरात ऐकून.

मी फोन काढला. दोन गावांची नावं टाकली की हवाई अंतर काढून देणारं एक पान असतं, ते मला पाठ होतं. नावं मास्टरांच्या मुलांच्या मेसेजमधून अक्षर-अक्षर बघून टाकली. पान उघडलं. निळ्या पाण्यावरून एक सुरेख, किंचित वाकलेली लाल रेघ. खाली लिहिलेलं: अंतर दोनशे बारा किलोमीटर. त्याखाली: उड्डाणाचा वेळ सोळा मिनिटे.

“हॅट्,” मी म्हणालो. “दोनशे बारा किलोमीटर. आमचं नाशिक-पुणे. विमानाला सोळा मिनिटं.”

“सोळा?”

“सोळा. हे बघा.”

मास्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरला. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, आकडे येत. सोळा त्यांनी बोटाने दाबून पाहिला, कापडाचा पोत बघावा तसा. “फरवानियावरनं तुमच्या घराकडे बसनं यायला तास जातो,” ते म्हणाले. “सोळा मिनिटांवर सख्खा भाऊ, आणि हा बोलतो सोपा नाय.”

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाच्या मनात एक प्रश्न यायला हवा होता. सोळा मिनिटांत विमान चाकं आत घेतं न घेतं. वर जायचं, खाली यायचं, वळायचं, याला वेळ लागतो की नाही? आणि मी काही साधा माणूस नाही, इंजिनिअर आहे. पाइपमधून तेल किती वेळात जाईल हे काढताना मी बेंड मोजतो, व्हॉल्व्ह मोजतो. इथे मी काहीच मोजलं नाही. त्या पानाने दोनशे बाराला आठशेने भागून साठने गुणलं होतं, बस. त्या रेघेवरून एखादं विमान खरोखर उडतं का, हा प्रश्न पानाला पडलेला नव्हता आणि मलाही नाही.

मास्टरांनी तिथेच थोरल्याला फोन लावला, स्पीकरवर. मी समोर बसलो होतो, चहाचा पेला हातात, आणि आपण एका घराचं भलं करतो आहोत असा माझा चेहरा झाला असावा.

“काय रे, धाकट्याकडे जाणार काय नाय?”

“अब्बा, आय टोल्ड यू. ट्राय करतो.”

“ट्राय काय करतोस? सोळा मिनिटांचा रस्ता हाय!”

“कोण बोलला सोळा मिनिटं?”

“इंजिनेर सायबांनी मोजला हाय. हितं माज्यासमोर बसलेत.”

“अब्बा, इट्स नॉट लाइक दॅट. तसं नसतं...”

“म्हणजे इंजिनेर खोटं बोलतात काय? सोळा मिनिटं भावासाठी नाय तुज्याजवळ? जूनमधे माज्यासाठी हजारो मैल येणार बोलतोस, आणि सख्ख्या भावासाठी सोळा मिनिटं नाय? मग माज्याकडे तरी कशाला येतोस?”

हे शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं त्यांना. बोलल्याबरोबर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर करून ‘जाऊ द्या’ अशी खूण करायला हवी होती. मी काय केलं? मी मान डोलावली. अगदी समंजसपणे, वडीलधाऱ्यासारखी.

“ओके,” थोरला म्हणाला. “आय विल गो.” आणि फोन बंद.

“जाणार बोलला,” मास्टर म्हणाले. चेहरा मात्र जिंकल्यासारखा नव्हता.

घरी येऊन मी बायकोला सगळी हकिगत सांगितली, माझ्या वाट्याला जरा जास्त प्रकाश टाकून. ती भाजी चिरत होती. “अहो, पण विमान जातं का तिथून?” एवढंच म्हणाली.

“अगं हवाई अंतर आहे ते. हवाई.”

“तेच म्हणते. हवाई गप्पा, हवाई किल्ले, त्यातलंच ना?”

मी तिला शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. बराच वेळ सांगितला.

दोन दिवसांनी मला औदार्याचा झटका आला. वाटलं, थोरल्याचं तिकीट आपणच काढून द्यावं, ईदची भेट म्हणून. मास्टर खूश, पोरगा खूश, आणि मंडळात सांगायला एक गोष्ट. ऑफिसात जेवणाच्या सुटीत मी तिकिटांची साइट उघडली, दोन गावं टाकली, तारीख टाकली. साइट म्हणाली, असा मार्ग सापडत नाही. मी स्पेलिंग तपासलं. पुन्हा तेच. मग वेगवेगळे तुकडे जोडत बसलो, आणि हळूहळू मला तो प्रदेश कळायला लागला. नकाशावर दोन्ही गावं शेजारी दिसत होती, मधे गोठलेल्या समुद्राची एक पट्टी. पण विमानं पूर्व-पश्चिम उडतच नव्हती. सगळी दक्षिणेतल्या मोठ्या शहरांतून उत्तरेला जात होती, कंगव्याच्या दातांसारखी. एका दाताच्या टोकावरून शेजारच्या दाताच्या टोकावर जायचं तर कंगव्याच्या पाठीपर्यंत खाली यायचं आणि पुन्हा वर चढायचं. थोरल्याच्या गावातून आठवड्यात तीनदा एक नऊ सीटचं विमान. ते एका कसब्यापर्यंत. तिथून दुसरं विमान, पाच तास दक्षिणेला. तिथे मुक्काम. मग तिसरं, पुन्हा उत्तरेला. मग चौथं, छोटं, तेही हवा चांगली असली तर. जायला तीन दिवस. जायला. दोनशे बारा किलोमीटर.

मी साइट बंद केली आणि डबा खाल्ला.

हे वाक्य मला लिहायला सगळ्यात जड गेलं, म्हणून एकदाच लिहितो आणि पुढे जातो. मला त्या दिवशी कळलं होतं. ईदला अजून पंचवीस दिवस होते. फरवानियाला जायला मला पंचवीस मिनिटं लागतात, फोन करायला तेवढीही नाहीत. मी गेलो नाही. मनाशी म्हणालो, थोरला तिथे राहतो, त्याला ठाऊकच असणार, तो काही निघणार नाही. मग म्हणालो, मास्टर कामात आहेत, आत्ता कशाला. मग एकदा गेलोसुद्धा, पँट आणायला. मास्टर मान खाली घालून शिवत होते, पाच-सहा गिऱ्हाइकं उभी, आणि मी पँट घेऊन परत आलो. त्या पँटीची कंबर अजूनही अगदी बरोबर बसते. मी ती घालत नाही.

ईदच्या दिवशी धाकट्याचा फोन मास्टरांना आला. दादा आला नाही. धाकट्याने वाट पाहिली, विमान येतं तिथे जाऊन उभा राहिला, कारण थोरल्याने मोघम मेसेज केला होता, ‘कदाचित येतो.’ आला नाही. थोरल्याचा फोन लागत नव्हता. मास्टर मला म्हणाले, “बोलला जातो. नाय गेला. शब्द दिला नि नाय पाळला, हे मी त्याला नाय शिकवला.”

मी म्हणालो, “हवा वगैरे खराब असेल.” खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं टाळण्यासाठी सांगितलेलं खरं होतं.

आणखी दोन आठवड्यांनी मास्टरांनी मला बोलावून घेतलं. थोरल्याचा इंग्रजी मेसेज आला होता, वाचून दाखवायचा होता. मी टेबलाजवळ उभा राहून वाचला. एका ओळीचा होता: जूनची रजा रद्द झाली, येता येणार नाही, सॉरी अब्बा.

मास्टरांनी तो मला परत एकदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा वाचताना मी मुद्दाम हळू वाचला, जसं काही हळू वाचल्याने त्यात आणखी एखादी ओळ सापडेल.

“राग काढतो माज्यावर,” मास्टर म्हणाले. “बरोबर हाय. मीच बोललो ना, कशाला येतोस.” आणि त्यांनी टेबलावरची कात्री उचलून बाजूच्या फळीवर ठेवली, मग पुन्हा टेबलावर ठेवली. कापायला काही नव्हतंच. ईद होऊन गेली होती, दुकान आवरायला घेतलेलं, कापडाचे निम्मे तागे विकून झाले होते.

मी घरी आलो आणि जेवलो नाही. मी जेवलो नाही ही आमच्या घरात बातमी असते. बायको समोर येऊन बसली. “काय केलंत?” म्हणाली. “काय झालं” नाही, “काय केलंत.” तीस वर्षांचा संसार आहे. मी सांगितलं. सगळं, तिकिटांच्या साइटसकट.

तिने माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, “आधी त्या मुलाला फोन करा. त्याचं काय झालं ते विचारा. आणि अहो, ऐका. सांगू नका, विचारा.”

थोरल्याने दुसऱ्या दिवशी फोन उचलला. तिकडे सकाळ होती. मी विचारलं. विचारून झाल्यावर सवयीने पुढे बोलायला तोंड उघडलं आणि बायकोने माझ्या मांडीवर चिमटा काढला. मग तो बोलला. निघाला होता तो. त्या गावात दोनच नर्स. एक रजेवर गेली की बदलीची नर्स दक्षिणेतून विमानाने आणावी लागते, महिनोन्‌महिने आधी ठरवून. त्याने जूनची रजा मोडून ती बदली मार्चमध्ये ओढून घेतली, दहा दिवसांची. पहिलं विमान मिळालं. दुसरं मिळालं. तिसऱ्याने वादळात धाकट्याच्या गावाच्या अलीकडच्या कसब्यात नेऊन सोडलं आणि चौथं उडालंच नाही. पाच दिवस. तिथून धाकट्याचं गाव म्हणे पस्तीस मिनिटं होतं. मग रजा संपत आली, आणि परतीचं विमान उडणार होतं, म्हणून तो परत गेला.

“भावाला का नाही कळवलंस?”

“काय कळवायचं, अंकल? की मी इथपर्यंत आलो? त्याला जास्त वाईट वाटलं असतं.”

“आणि अब्बांना?”

“अब्बांनी विचारलं नाही,” तो म्हणाला. “तुमचा तो सोळाचा नंबर चुकला, इट्स फाइन, एनिवन कॅन मेक अ मिस्टेक. पण मी तिथे राहतो. त्यांनी मला नाही विचारलं किती लांब आहे.”

त्या संध्याकाळी मी फरवानियाला गेलो. पँट नेली नाही. मास्टरांनी माझ्या रिकाम्या काखेकडे पाहिलं तेव्हाच त्यांना काहीतरी समजलं असावं. शटर अर्धं ओढून ते स्टुलावर बसले. मी उभ्यानेच सांगितलं. हवाई अंतर म्हणजे काय, सोळा मिनिटं कुठून आली, खरा रस्ता कसा, पोरगा कुठवर पोचला. जेवढं सांगायचं होतं तेवढंच सांगितलं, हे माझ्या आयुष्यात क्वचित घडतं.

मास्टर ऐकत होते. गळ्यातला टेप त्यांनी काढून हातात घेतला होता आणि बोटाभोवती गुंडाळत होते.

“मी शिंपी माणूस,” ते अखेर म्हणाले. “मी पोटावरनं टेप फिरवतो तवा माप मिळतो. तुमी पोटातनं आरपार घातलात.”

मला हसू आलं. खरंच आलं, आणि त्याच क्षणी लाज वाटली. त्यांनी मात्र हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

“तुमाला कवा कळला?”

हा प्रश्न येणार हे मला गाडीत बसल्यापासून ठाऊक होतं. गाडीत दोन-तीन उत्तरं तयार केली होती, सगळी बरी होती. “फोननंतर दोन दिवसांनी,” मी म्हणालो.

“म्हणजे ईदेच्या आधी.”

“हो.”

“तो निघायच्या आधी.”

“हो, मास्टर.”

त्यांनी मान हलवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ओरडणाऱ्यांना उत्तरं देण्यात पटाईत आहे. ते नुसते म्हणाले, “बोलायला हवा होता, इंजिनेर. तुमी तर बोलता. तुमी तर गप बसतच नाय कवा.” आणि फोन उचलून मुलाचा नंबर लावला. मी जायला निघालो तर हाताने थांबवलं.

थोरल्याने फोन उचलला. मास्टरांनी स्पीकर लावला नव्हता, पण दुकान एवढंसं, तिकडचा आवाज ऐकू येत होता.

“जेवलास काय रे?”

“येस अब्बा.”

मास्टरांनी माझ्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. “मना पयल्यापासून सांग,” ते म्हणाले. “घरातनं निघालास. मग?”

“मग काय, अब्बा?”

“मग कुठं गेलास? कितक्या लांब? मना म्हाईत नाय. सांग.”

आणि तो सांगायला लागला. आधी अडखळत, निम्मं इंग्रजीत. नऊ सीटचं विमान, त्यात एक कुत्राही होता. मास्टर म्हणाले, “कुत्रा? मग?” कसब्यातला विमानतळ म्हणजे एक खोली. मग? मग मोठं विमान, पाच तास, खाली दक्षिणेला. “उलटा गेलास म्हणजे,” मास्टर म्हणाले. “हो अब्बा, उलटा.” मग शहरात रात्र. मग पुन्हा वर. प्रत्येक टप्प्याला मास्टर “मग?” विचारत आणि थांबत, आणि तिकडून पुढचा तुकडा येई. इतकं सावकाश ऐकताना मी कुणाला पाहिलेलं नाही. मी स्वतः तर कधीच ऐकलेलं नाही. त्याचा आवाज मोकळा होत गेला, मग कोकणी वाढत गेली. वादळ आलं तिथपर्यंत तो जवळजवळ पूर्ण कोकणीत बोलत होता.

“पाच दिवस कुठं ऱ्हायलास?”

“एक खोली दिली व्हती त्यांनी. मी आणि दोन ड्रिलिंगवाले.”

“रोजे धरलंस?”

“धरलं.”

“सोडलंस कशावर?”

“चिप्सवर. दुकान बंद व्हता ना वादळात. आणि... तुमी माज्या पार्सलमधे खजूर पाठवला व्हता ना कुवेतवरनं, धाकट्याला द्यायला. तो व्हता माज्याकडे. तो खाल्ला.”

“संपवला?”

“संपला, अब्बा. पाच दिवसात संपला. त्याला द्यायला काय उरला नाय.”

मास्टरांचा हात भिंतीवर होता. तिकडून पोराने दोनदा ‘अब्बा?’ म्हटलं. मग मास्टरांनी हळूच विचारलं, “जूनमधे अजिबातच नाय जमणार?”

“रजा नाय, अब्बा. बदलीची नर्स सप्टेंबरपर्यंत नाय.”

“तोपर्यंत मी गावी असणार.”

“आय नो.”

“दुकान नसणार.”

“आय नो, अब्बा.”

मास्टरांनी फोन कानापासून काढला. मागे न वळता तो माझ्याकडे धरला. “तुमी बोला जरा,” म्हणाले आणि तसेच उभे राहिले.

मी फोन घेतला. तिकडे एक माणूस माझ्या आकड्यापायी हजारो किलोमीटर उलटसुलट फिरून रिकाम्या हाताने परत गेलेला, बापाला पुन्हा त्या दुकानात बघू न शकणारा. इकडे त्याचा बाप, मला पाठ करून उभा. माफी मागायची हीच वेळ होती. ती मी गाडीत येताना मनात कितीदा तरी मांडून ठेवली होती.

“हॅलो,” मी म्हणालो. “काय, तिकडे थंडी कशी आहे?”

“कोल्ड, अंकल,” तो म्हणाला.